विहिरीवरचा म्हातारा

हसू नका, पण आमच्या अण्णांमुळे मी एक अख्खी लढाई हरलोय.

मी तो बिनचित्रांचा ऑनलाइन गेम खेळतो ना? सगळं लिहून येतं, आणि 'नॉर्थ' टाइप केलं की आपला गडी एक पाऊल उत्तरेला जातो. गावापासून किल्ल्यापर्यंतची चाळीस पावलं मी स्क्रिप्टमध्ये, म्हणजे आपोआप चालणाऱ्या हुकमांच्या यादीत, बसवलीयत. एक बटण दाबलं की गडी सुसाट.

परवा अण्णा शेजारी येऊन बसले आणि स्क्रीनवरचं वाचू लागले. ते चामटोली गावचे, वाटेत दहा जणांशी बोलल्याशिवाय घर गाठत नाहीत.

"हा विहिरीवरचा म्हातारा काय विचारतो रे?"

"'कसा आहेस' म्हणतो, सगळ्यांनाच. अण्णा, तो माणूस नाही, कॉम्प्युटर आहे."

"असू दे. त्याने विचारलं, आणि तू तसाच पुढे?"

दोन वर्षं मी तसाच पुढे जात होतो. शेवटी त्यांच्या समाधानासाठी स्क्रिप्टमध्ये विहिरीपाशी थांबा घातला आणि त्यांनी सांगितलेलं वाक्य टाकलं: "बरा आहे काका. जेवलात का?"

किल्ल्यावर लढाईसाठी आमची टोळी माझीच वाट बघत होती. मी बटण दाबलं. गडी विहिरीवर थांबला, बोलला, आणि म्हाताऱ्याचं चक्क मराठीत उत्तर आलं: "जेवलो. तुम्ही कुठले?"

अण्णांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला.

"अण्णा, लढाई सुरू झाली!"

"होऊ दे," एका बोटाने टाइप करत अण्णा म्हणाले. "अंबरनाथ पूर्वेला राहतात ते. दोन वर्षांत तू एकदाही ओ दिली नाहीस, म्हणतायत."