पाय लागला म्हणून नमस्कार

निवृत्त शिक्षिकेने बायकांना लाथा मारायला का शिकवावे, असे तुम्ही नेहमी विचारता. तर आज सुरेखाचे ऐका. मंगळवार पेठेत मी स्त्रियांच्या बॉक्सिंग-किकबॉक्सिंग जिमची फ्रँचायझी घेतली, त्याच वर्षी ती आली. माझीच जुनी विद्यार्थिनी. "बाई, नवरा लाथा घालतोय. मला बी शिकवा," एवढेच म्हणाली.

कंपनीच्या नियमानुसार लाथा झेलण्याचे जाड पॅड मालकिणीलाही धरावे लागे. मी धरले. सुरेखाने लाथ मारली आणि लगेच ग्लोव्हजसकट वाकून मला नमस्कार केला. दुसऱ्या लाथेनंतरही तेच. बाकीच्या बायका हसू लागल्या.

"अगं, वाकू नकोस. तेवढ्यात समोरचा मारेल."

"पाय लागला की वो, बाई! तुमाला लाथ मारून नमस्कार बी न्हाय करायचा व्हय?"

मी पॅड खाली घेतले. "घरी तुला त्याचा पाय लागतो, तेव्हा तो वाकतो का?"

सुरेखा ताठ उभी राहून म्हणाली,

"बाई, पॅड जरा घट्ट धरा."