दुहेरी शिवण

कॅमेरा दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे बाप-लेक उभे होते. काउंटरवर कॅमेरा होता, शेजारी जाड प्लॅस्टिकची घरी बनवलेली पिशवी.

“पाण्यात पडला वाटतं?” मेकॅनिकनं विचारलं.

“पडतोय कसला! हिनंच नेला. तळ्यातल्या माशांचे फोटो काढायला. तोही कॉलेजच्या मॅडमचा कॅमेरा!”

“बाबा, हळू बोला ना.”

“का हळू? पाण्याखाली न्यायची खरी पेटी परवडत नाही, म्हणून बाईसाहेबांनी प्लॅस्टिक चिकटवून पिशवी केली. म्हटलं, नुसत्या चिकटवण्यावर भरवसा ठेवू नकोस. माझा जन्म बॅगा शिवण्यात गेला, पण बापाचं ऐकेल तर शपथ!”

“आधी रिकामी बुडवून पाहिली होतीस का गं?”

“हो काका. आत कागद घालून रात्रभर बादलीत ठेवली होती. सकाळी कागद कोरडा ठणठणीत होता.”

“मग ही कडेची दुहेरी शिवण कधी घातली? चिकटवलेलं छान आहे. पाणी सुईच्या भोकांतून गेलंय. एकेक टाका गळतोय बघ.”

बाप पिशवीकडे बघत राहिला.

“कोणी घातली ही शिवण?” मेकॅनिकनं विचारलं.

“मीच, काका. नंतर. मजबुतीसाठी.”

“अगं, एवढी हुशार तू, आणि शेवटी माती खाल्लीस?”

“चुकलं, काका.”

“तिला नका बोलू.”

“मग कोणाला बोलू, दादा?”

“तिला अजून सुईत दोरा ओवता येत नाही हो.”