मौलासाबची पाणचक्की

...न्हाई, तसं लिवू नका, कारकूनसाब. 'सिद्धप्पाची चक्की' न्हाई ही. तीन महिने झाले मी चालवायलोय, व्हय, पर चक्की मौलासाबची. त्याच्या आज्यानं बांधलेली. ते आजा कल्याणीच्या किल्ल्यावर गवंडी व्हता — बसा की, त्या पोत्यावर बसा, धोतराला पीठ लागलं तर झटकून टाका — त्यानं वरच्या तळ्यातनं दगड फोडून पाट आणला. नव्या सरकारला गावाची माहिती पायजे मनता, तर हे लिवा. मुडबीपस्तोर अशी चक्की कुठं न्हाई. बैल न्हाई, माणूस न्हाई, निसतं पाणी. ह्या जात्याच्या खाली खोली हाय, तिथं आडवं चाक. वरची फळी उचलली की पाणी चाकावर पडतं, चाकासंगं जातं फिरतं, आन् पाणी मोरीतनं नाल्याला जातं. मानमोडीच्या साथीच्या साली निम्मं गाव गेलं, घरात दळायला बाई उरली न्हाई, तवा मौलासाबच्या बापानं एक दिस चक्की बंद ठिवली न्हाई. त्याची बी बायको त्याच सालात गेली. लिवलंव?

मौलासाब कुठं हाय मनता? गेला ते. फौज आली, पोलिस ॲक्शन झाली, तवा लई जण गेले की. हैदराबादला गेला असंल. मी काय जाताना बगितलं न्हाई.

कामून असं बगायलाव? आमचं वाकडं न्हवतं. पंधरा वर्सं मी त्याच्या हाताखाली काम केलं. जात्याला टाकी कशी मारायची ते त्यानंच शिकवलं मला. आमी लिंगायत, ते मुसलमान, पर दुपारची भाकर ह्याच दगडावर बसून खायाचो — त्याची त्याच्या फडक्यात, माझी माझ्या. आन् रजाकार आले तवा? तवा गावातल्या सात बाया त्यानं ह्या खालच्या खोलीत बसवल्या. माझी ईरम्मा त्यात व्हती. चाकाच्या पात्यांमधी अंग चोरून बसल्या, आन् हे दारात उभा. "हितं पीठ हाय, बायका न्हाईत," मनला. त्याच्याच जातीचे, तरी दोन काठ्या खाल्ल्या त्यानं पाठीवर. हललं न्हाई ते माणूस.

मग फौज आली, रजाकार पळाले, आन् दुसरेच लोक हिंडायला लागले. आपल्या गावचे न्हवते. कुणाचं कोण मारलं त्याचा राग कुणावर काढायलेत, त्याला काय धरबंद न्हवता. मौलासाब सकाळीच आला माझ्याकडं. "सिद्धप्पा, काय करू?" मनला. मीच मनलं — मीच — खाली बस. चार बाया वाचल्या — सात, सात बाया वाचल्या तिथं, तू बी वाचशील. फळी टाकली, पाणी बंद केलं. ते खाली उतरला.

दहा-बारा जण आले. तलवारी, कुऱ्हाडी. समदीकडं बगितलं, गेले बी असते. पर एकानं इचारलं, "पाट भरून वाहायलाय, मग चक्की कामून बंद?" लुटलेली जवारी व्हती त्यांच्याकडं. "चालव. पीठ करून दे."

फळी मोडलीय, इतकंच मनायचं व्हतं मला. तेवढं सुचलं न्हाई. न्हाई — कारकूनसाब, सुचलं व्हतं. तोंडाशी आलं व्हतं. पर त्यांनी उचलून बगितली असती तर? मी फळी उचलली. हळू उचलली, ते मोरीतनं निघून जाईल मनून. तर मोरीच्या तोंडाशी चौघं पाय धूत बसलेले. त्याला बी दिसले असतील. जातं फिरलं. आधी अडखळलं, मंग फिरलं. दोन पायल्या दळल्या मी. खालनं एक आवाज आला न्हाई. वरडला असता तर मला बी कापलं असतं त्यांनी. ते माझ्यासाठी गप बसला, का वरडायला येळच मिळाला न्हाई — हे कुणाला इचारू मी?

ते गेल्यावर खाली उतरलो. पाटाच्या मागं खड्डा काढला. त्यांच्यात तोंड कुठल्या दिशेला करत्यात मला म्हायती न्हवतं. अंदाजानं केलं. ईरम्माला बी सांगितलं न्हाई. कसं सांगू? ज्या खोलीत त्यानं तिला राखली...

हुसेनबी, त्याची बायको, दर सोमवारी दळायला येती. "सिद्धप्पाअण्णा, काय खबर?" इचारती. मी मनतो, हैदराबादला हाय मनायलेत, वाटंतल्या नदीचं पाणी आटलं की येईल. ती मान हलवती, फडकं पसरती, आन् पीठ भरून घेती. पोरास्नी सांगती बाप येणार मनून. परवा तिनं त्याचा सदरा धुऊन ठिवला मनत व्हती.

हे तुमाला कामून सांगितलं मी? तुमी पुसलंव चक्की कुणी बांधली, एवढंच. खोडा ते. लिवलं असंल तर खोडा. चक्की जुनी, चालू हाय, मालक परगावी — एवढंच ठिवा.

थांबा. बांधावर बगा, डोक्यावर पाटी घेऊन येयलीय ती. तीच. उठा तुमी, मागच्या वाटेनं जावा. समोर आली न् काय इचारलं तर... काय बी बोलू नका. जावा की, जावा. मला फळी उचलायचीय.