बाबा, फ्रेमच्या बाहेर व्हा

...अन् वरून लोक मलेच इचारते, का धनराजभाऊ, तुमचे बाबा आजकाल बांधीत काऊन नाई दिसत? आता काय सांगू जी मी... बाबा तं मागच्या सालीबी धानाच्या बांधीत दिसले नाई. होते रोज. पण दिसले नाई. म्याच नाई दिसू देल्लं. बसा, सांगतो तुमाले, घाई असन तरी बसा, कारण हे घरी बोलता येत नाई.

आरमोरीच्या बाजारात माहा फोटो स्टुडिओ हाय. स्टुडिओ म्हंजे काय, एक पडदा, दोन छत्र्या अन् दोन कॅमेरे, त्यातला एक म्हातारा. लग्नसराईत हळदीत न्हातो अन् बाकी साल माशा मारतो. बाबानं याले कधी धंदा म्हटलंच नाई. कोणी इचारलं, का मुखरूभाऊ, पोरगा काय करते, तं म्हणे, "काई नाई, लोकाले हासा म्हणते." वीस वर्सं झाले, हेच एक उत्तर. मले वाटे, एकदा... एकदाच म्हणावं या माणसानं, का धन्या, बेस केलं.

त्यापायी हे टाईमलॅप्सचं भूत बसलं मानगुटीवर. कॅमेरा एका जागी बांधाचा, दिवसभर अर्ध्या घंट्यानं एक फोटो त्याचा तोच काढते, अन् मंग सारे फोटो कॉम्प्युटरवर एकामागं एक जोडले, का चार महिन्याचं धान मिनिटभरात डोळ्यापुढं वाढते. म्हटलं, बाबाचीच बांधी घेऊ. साठ वर्सं धान पिकवलं त्याईनं, पण वाढताना थोडीच पाह्यलं असन? हे पाहून तरी म्हणन का नाई?

धानाचा रोवणा झाला अन् बांधीच्या धुऱ्यावरच्या मोहाच्या झाडाले म्या टिनाचा डब्बा ठोकला, आतमंदी म्हातारा कॅमेरा, खाली मोटरसायकलची बॅटरी. मोबाईलवर एक मास्तर हे सारं शिकवते, तो घडीघडी सांगे, "भाई लोग, फ्रेम में कोई आना नहीं चाहिए." म्हणून म्या बाबाले हात जोडले. म्हटलं, "बाबा, फ्रेममंदी येऊ नोका."

बाबा माह्याकडे पाहतच राह्यले. "एवढ्यात कायले जातो मी फ्रेममंदी? हार घालाची घाई झाली का तुले?"

कारण आमच्या घरी फ्रेम म्हंजे भिंतीवरची. तिथी आजा हाय, आजी हाय, थोरला काका हाय, सारे हारवाले. जित्त्या माणसाचं फ्रेममंदी काय काम? मंग काडीनं मातीत चौकोन काढून देल्ला, का बाबा, एवढं एवढं कॅमेऱ्याले दिसते, याच्या बाहेर व्हा. धुऱ्यावर चुन्याची रेघबी मारली. समजलं त्याईले, अन् असं समजलं, का माणूस सोताच्याच बांधीवर नाल्याकडून फेर मारून जाऊ लागला. पाणी पाहाचं असलं तं रेघीच्या अल्याड उभं राहून मान लांब करून पाहे, अन् मले इचारे, "इथी चालते का?"

पण हेबी निभलं असतं. आता तुमी सांगा, आमच्या इकडे झाडाले कॅमेरा दिसला तं त्याचा अर्थ काय? जंगलवाले कॅमेरा कुठी लावते? वाघाच्या वाटेवर. तिसऱ्या दिवशी गावातल्या पत्रूनं गावभर करून टाकलं, का मुखरूच्या मोहाले कॅमेरा लागला. झालं! निंदनाले एकही बाई यायले तयार नाई. बायांची टोळी चालवते बायनाबाई, तिच्या दारात गेलो. म्हटलं, "बाई, तो माहा कॅमेरा हाय, लग्नातला."

"हो का? मंग वाघाचं लगन हाय का?"

"वाघ नाई जी बाई, धानाचे फोटो काढून राह्यलो."

"धानाचे? धान काय पळून चाललं? हे पाय धनराज, वाघ नाई तं कॅमेरा काढ. कॅमेरा नाई काढत, तं वाघ हाय."

अन् कॅमेरा काढला असता तं काय बिघडलं असतं, असं तुमी म्हणान. बिघडते जी! एकदा हालला का पुन्हा तोच कोन बसत नाई, वीस दिवसाचे फोटो मातीत जाते. म्या नाई काढला. मायबी म्हणे, "धन्या, काढ तो डब्बा." नाई काढला.

मंग निंदन केलं कोणी? बाबानं, एकट्यानं. दीड एकराची बांधी, घोट्याएवढा चिखल, वरून पाण्याची झड, अन् सत्तर वर्साचा माणूस कमरेतून वाकलेला. वाघाची अफवा बाबाच्याबी कानावर होती, ते आपले मधामधात खाकरे, वाघाले आवाज जावा म्हणून. अन् मी, त्याचा एकुलता एक पोरगा, धुऱ्यावर उभा राहून काय वरडून राह्यलो? "बाबा, फ्रेमच्या बाहेर व्हा!"

कापणी झाली, तिलेबी घरचेच होतो, आमी तिघं. मंग कॉम्प्युटरवर बसलो. सव्वीसशे चाळीस फोटो. जोडले, चालवले... काय सांगू, ढग पळते, सावल्या फिरते, हिरव्याचं पिवळं होते. अन् मधातच बाबा! इथी टपकन दिसते, गायब. तिथी टपकन दिसते, गायब. तव्यावर लाही फुटावी तसे. मास्तर म्हणे, "डिलीट करो, भाई." म्हणून एकेक करून बाबाले उडवलं. आठशे बारा वेळा. एका फोटोत शेल्यानं तोंड पुसत कॅमेऱ्याकडेच पाहून राह्यले होते, जसं इचारत असन, इथी चालते का? तो फोटो चांगला होता जी. एवढ्या लग्नात एवढ्या व्याह्यांचे फोटो काढले, पण असा नाई निघाला कोणाचा. पाच मिनिट पाहत बसलो. मंग तोबी उडवला.

गावच्या मंडईच्या जत्रेदिवशी पाव्हण्यांनं घर भरलं होतं, तवा टीव्हीवर लावला. सव्वा मिनिट. सारे वा वा करू लागले. बायनाबाई म्हणे, "वाघ तं नाईच दिसला, माय." बाबा दाराच्या चौकटीले टेकून उभे. म्हणे, "पुन्हा लाव." लावला. म्हणे, "पुन्हा." मले वाटलं, आता म्हणते... आता म्हणते. तिसऱ्यांदा सरला तवा बाबा म्हणे,

"धान आपोआपच आलं का रे?"

सारे हासले. आधी मलेबी हासू आलं. बाबा नाई हासले. ते खरंच इचारत होते.

दुसऱ्या दिवसापासून बाबा बांधीवर गेले नाई. मी म्हटलं, बाबा, धानामागून पेरलेली लाखोरी पाहाची हाय, चाला. "येते आपोआप." रोहिणी लागली, मिरग लागला, पेरणीले गाव खाली झालं, बाबा ओसरीवर. माय रडली, बायनाबाई येऊन भांडली. "येते न आपोआप," म्हणे, "दाखवलं न पोरानं." राग नाई, आवाज चढवणं नाई. भांडले असते तं बरं झालं असतं... मीबी भांडलो असतो.

ते आठशे बारा फोटो वापस आणावे म्हणून चंद्रपूरपरेंत गेलो. पण कॅमेऱ्याच्या त्या कार्डावर मधात तीन लग्नं काढून झाले होते. कार्डवाल्यानं दोन दिवस खटपट केली, निघाला एक नवरदेव, तोबी अर्धा. बाबाचा एकही नाई.

यंदाचा रोवणा म्या केला. मोहावरचा डब्बा काढला तवा बाया आल्या. कंबर अजून सरळ होत नाई माही. अन् घरी येऊन बाबाले सांगतो, बाबा, धानाचं पऱ्हं बेस लागलं, तं ते माह्याकडे पाहते अन् म्हणते, "हासा."

तुमाले सांगतो, मागच्या आयतवारी शेवटचा उपाय केला. कॅमेरा ओसरीसमोर मांडला. म्हटलं, आता बाबाचाच टाईमलॅप्स काढू, आता कोणालेच उडवाचं नाई. बाबानं कॅमेऱ्याकडे पाह्यलं, मंग माह्याकडे.

"मी बाहेर हाव का आतमंदी?"

"मधोमध हाय बाबा तुमी, बराबर मधोमध."

"बरं," म्हणे.

सकाळी सहापासून साजंपरेंत, अर्ध्या घंट्यानं एक. चोवीस फोटो. रातच्याला जोडले अन् चालवले. खांबाची सावली सरकते, कोंबड्या इकडून तिकडे होते, माय येऊन च्या ठेवते, कप उचलते... अन् बाबा बसले हाय.

मास्तर म्हणे तसंच निघालं जी. एकही फोटो उडवावा नाई लागला. बाबा हाललेच नाई.