रजा मागितलीच नाही

नाही, उठू नका मॅडम, बसा तशाच, मी आधी बाथरूम साफ करून घेते — गुडघा अजून ठणकतोय ना, चेहऱ्यावर दिसतंय. तो आवाज होय? बर्फ आहे तो, बोटीच्या पोटाला घासतोय, आज दिवसभर घासणार. आमच्या खोल्या अगदी तळाला, आम्ही त्या आवाजातच झोपतो. अस्वल? दिसेल की. दिसलं की कप्तान स्वतः स्पीकरवरून सांगतो, मग सगळे नाश्ता अर्धा टाकून वर पळतात आणि आम्हाला खोल्या रिकाम्या मिळतात — आमच्यासाठी अस्वलाचा उपयोग तेवढाच. सात उन्हाळे झाले मला या उत्तर ध्रुवाकडच्या पाण्यात, खरी अस्वलं पाहिली असतील चार. टॉवेलची मात्र रोज चौदा करते, खोलीला एक. हे कान बघा, टॉवेल जरा दमट असला की उभेच राहत नाहीत.

मुलं? एक मुलगी आहे. रोवेना. आज लग्न आहे तिचं — नाही, अभिनंदन कसलं, म्हणजे हो, थँक्यू. दुपारी दोनला, तिकडे फिलिपिन्सला, इलोइलोजवळ, आमच्या गावच्या चर्चमध्ये. तिथले दोन म्हणजे इथले सकाळचे आठ. किती वाजले? आठला दहा कमी. मग निघाले असतील घरून. रजा नाही मिळाली हो. हंगाम आहे, बोट भरलेली, कोण सोडणार — सगळ्यांना तेच सांगितलंय मी.

तशा बघू नका माझ्याकडे. सांगते. रोवेना चार वर्षांची होती तेव्हा तिचे वडील गेले आणि मी बोटीवर लागले. एकोणीस वर्षं. नऊ महिने पाण्यावर, दोन महिने घरी, पुन्हा पाण्यावर. पोरीला माझ्या थोरल्या बहिणीनं वाढवलं, पासिंगनं. तिला मूलबाळ नाही. मी खोकी भरभरून पाठवायची — चॉकलेटं, कपडे, बूट. आणि बूट दरवेळी एका नंबरानं लहान निघायचे. कारण माझ्या डोळ्यांसमोर जो पाय असायचा ना, तो मागच्या भेटीतला. पासिंग ते शेजारच्या पोरींना देऊन टाकायची आणि मला कळवायची, छान बसले गं. हे मला खूप वर्षांनी कळलं.

मागच्या वर्षी मी घरी असताना पोरीला ताप चढला. मी आलं घालून भाताची पेज केली, वाटी घेऊन दाराशी आले तर ती तापात बडबडतेय — नानाय, नानाय. आमच्याकडे आईला म्हणतात तसं. मी म्हटलं, आले गं, आले. तिनं डोळे उघडले, बघितलं आणि म्हणाली, "तू नाही, मम्मी. नानायला बोलव ना." रागानं नाही हो. रागानं म्हणाली असती तर भांडले असते. पाहुण्या बाईला सांगावं तसं, मऊ आवाजात. मी वाटी पासिंगच्या हातात दिली आणि मागच्या दारी जाऊन भांडी घासत बसले. घासलेलीच होती ती.

मग लग्न ठरलं. पोरीनं स्वतः फोन केला, "मम्मी, तू ये. एका बाजूला तू, एका बाजूला नानाय, दोघी मिळून मला आत घेऊन चला." आणखी काय हवं माणसाला? पण मागून पासिंगचा आवाज आला, "मला कशाला मध्ये? खरी आई येतेय, मी आपली पहिल्या बाकावर बसेन." आणि हसली. ते हसणं मला माहितीये, मॅडम. लहानपणी स्वतःची वस्तू मला द्यावी लागली की ती असंच हसायची. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, रजा नाही मिळत.

मागितलीच नव्हती. आमचे वरचे साहेब आहेत ना, द्राझेन, त्यांना मंगळवारी धोबीखान्यातल्या पोरीकडून लग्नाचं कळलं. बोलावून घेतलं मला. "नेनिता, मला विचारलं का नाहीस? बंदरातूनच विमानात बसवून दिलं असतं." तोवर बंदर तीन दिवस मागे पडलं होतं. म्हटलं, विसरले साहेब. मुलीचं लग्न विसरले म्हटलं मी.

हो, बहिणीसाठीच. असं मीही म्हणत होते इतके दिवस. पण खरं सांगू — घाबरले मी. चर्चमध्ये चालता चालता पोरीला रडू फुटलं असतं, तर तिनं मान कुणीकडे वळवली असती? दोघी दोन बाजूंना, आणि गावभर लोक बघतायत. ते मला बघायचं नव्हतं. आता वाटतं, वळवली असती तिकडे तर वळवली असती. मी नुसती शेजारून चालले असते. पोरीचा हात तरी माझ्या हातात असता तेवढा वेळ.

फोन? नको, ठेवा तुमचा. पोरीचा फोन पासिंगच्या पर्समध्ये असणार, पण आता वाजला तर सगळं चर्च मागे वळून बघेल. आणि बोलू काय, रजा मिळाली नाही हेच परत? — ऐका, कप्तान सांगतोय. डाव्या बाजूला, बर्फाच्या कडेला. जा मॅडम, जा, यासाठीच आलात ना एवढ्या लांब. काठी घ्या. सावकाश, जिन्याला धरून. मी ठीक आहे. फक्त जाताना दाराला ती लाल पाटी अडकवा, 'आत येऊ नये' वाली. हो, तीच. पाच मिनिटं राहू दे. जा तुम्ही.