माल नसलेल्या सौद्याबाबत

नाव सिद्धू धुळा सरगर, वय अंदाजे सत्तेचाळीस (जन्माची नोंद नाही, आई सांगे त्यावरून), धंदा गूळ व हळदीची अडत, राहणार वखार भाग, सांगली, जिल्हा दक्षिण सातारा. मूळ वस्ती आटपाडीकडील.

आज शुक्रवार, तारीख १६ डिसेंबर १९४९ रोजी ठाण्यात आपण होऊन हजर राहिलो. मला कोणी बोलावलेले नाही. फौजदारसाहेबांनी विचारले तसे सांगत आहे, ते असे की,

मी वर लिहिलेल्या पत्त्यावर बायको व दोन मुलींसह राहतो. सोळाव्या वर्षी मेंढरं सोडून सांगलीत आलो. श्री. नानासो नाथाजी डुबल यांच्या पेढीवर अकरा वर्षे हमाली केली. नंतर स्वतःचे दुकान घातले. पोत्यावर थाप मारली की आतली हळद खणखणीत वाळली आहे की दमट, हे मी आवाजावरून सांगतो. त्यावरच माझा धंदा उभा आहे.

आमच्या पेठेत भाव तोंडाने ठरत नाही. विकणारा आपल्या हातावर रुमाल टाकतो. घेणारा रुमालाखाली हात घालून त्याची बोटे धरतो. जितकी बोटे तितका आकडा, पुरा पंजा म्हणजे पाच. शेकडा की हजार ते मालावरून समजते. कोणी किती धरली हे बाहेर सांगायचे नाही, अशी रीत आहे. ही बोटे मला नानासोंनी शिकवली. त्यांच्या उजव्या तर्जनीचे पेर काट्याच्या आकड्यात सापडून वाकडे झालेले आहे. त्या बोटावर मी आकडे शिकलो.

नानासो सध्या गुळाच्या परवाना कमिटीवर सभासद आहेत. जिल्ह्याबाहेर गूळ न्यायचा तर परवाना लागतो व तो या कमिटीच्या शिफारशीने मिळतो. नानासो येत्या लोकलबोर्डाच्या निवडणुकीलाही उभे आहेत. त्यांच्या उमेदवारीच्या कागदावर सूचक म्हणून माझी सही आहे.

मंगळवार तारीख १३ रोजी दुपारी तीनच्या सुमारास नानासोंचा निरोप आला की त्यांच्या वखारीत सौदा आहे, यावे. मी गेलो. वखारीत भाऊसो, गुंडा व पेठेतील आणखी चार अडते बसलेले होते. चहा चालू होता. खाली जमीन झाडून साफ होती. ढीग नव्हता, पोते नव्हते, नमुन्याची पाटीही नव्हती.

मी म्हणालो, "नानासो, माल कुठाय?"

नानासो म्हणाले, "माल कुटं पळून जातोय व्हय रं? आदी हात दे."

एकेकाने हात घातला. माझी पाळी शेवटची होती. रुमालाखाली नानासोंनी माझी चार बोटे दाबली, म्हणजे तोवर चार झाले होते. माझ्या कानाशी एकच शब्द बोलले, "हजार." मी त्यांचा पंजा पुरा धरला. पाचही बोटे धरली.

फौजदारसाहेबांनी विचारले, माल न बघता का धरली? उत्तर : तीस वर्षांत माल न बघता मी कोणाला हात दिलेला नाही. नानासोंचा हात होता म्हणून दिला.

नानासोंनी रुमाल झटकला व म्हणाले, "सिद्धूचा झाला." मी विचारले, "पर काय झालं माझं?" तेव्हा सगळे हसले. भाऊसो म्हणाले (पेठेत मला आप्पा म्हणतात), "आवं, आप्पाला ठावंच न्हाई! आप्पा, परवाना घेतला तुमी. दोनशे गाड्या गूळ. आता सगळी पेठ तुमच्याच दारात." गुंडा म्हणाला, "आप्पा, निदान आमच्या चार गाड्या तरी न्या गड्या, न्हाईतर आमी काय घरातच काकवी करून पितो." पुन्हा हसले. मीही हसलो असेन. नक्की सांगता येत नाही. कपातला चहा मी संपवला एवढे आठवते.

बुधवारी सकाळी नऊ वाजता नानासोंचा माणूस लखोटा घेऊन दुकानी आला. आत परवाना होता, माझ्या नावे, शिक्क्यानिशी. मी तो परत केला नाही. तिजोरीत ठेवला. का ठेवला असे विचारल्यावरून सांगतो की, फायद्याचा होता.

गुरुवार तारीख १५ रोजी सकाळी साळूबाई कोंडिबा माने, राहणार कृष्णाकाठ, या दुकानी आल्या. त्यांचे मालक फौजेत होते, लढाईत इटलीत कामी आले. बाई स्वतः ऊस करतात, स्वतः गुऱ्हाळ लावतात. त्यांचा दोन गाड्या गूळ माझ्या वखारीत आहे. पुण्याच्या व्यापाऱ्याशी बोली त्यांनी स्वतःच केली, माल या पंधरवड्यात पोचता करायचा आहे. त्यांचा परवान्याचा अर्ज २८ नोव्हेंबरला माझ्या हातानेच लिहून मी कचेरीत दिला होता. नंबर सतरा.

बाई म्हणाल्या, "आप्पा, कचेरीतला कारकून म्हंतोय, तुमचा अर्जच आला न्हाई. मी म्हनलं, सतरा नंबर हाय माझा. तर म्हंतो, सतरा नंबर दुसऱ्याला गेला. आवं, नंबर कसा जाईल? माझा अंगठा हाय त्यावर."

मी त्यांना बसवून तिजोरी उघडली. परवान्यावर अर्ज क्रमांक सतरा होता. नावाची जागा खरवडून तिथे माझे नाव होते. गाड्यांच्या रकान्यात दोनचा आकडा होता. पुढे दोन शून्ये होती, ती दुसऱ्या शाईची.

बाईंनी विचारले, "काय झालं आप्पा? कुनाचं वंगाळ आलं का कागदात?" मी म्हणालो, "न्हाई." त्यांना चहा सांगितला. त्या थांबल्या नाहीत. घागर घेऊन आल्या होत्या, ती उचलून गेल्या.

त्याच दिवशी सायंकाळी पाच वाजता मी नानासोंच्या घरी गेलो. सोप्यावर पत्रकांचे गठ्ठे होते. वर मोठ्या अक्षरात छापले होते, शेतकऱ्यांचा माणूस. आम्ही दोघेच होतो.

मी परवाना पुढे ठेवला. म्हणालो, "नानासो, ह्यो साळूबाईचा नंबर हाय."

ते म्हणाले, "असंल. कुनाचा तरी असायचाच की."

मी म्हणालो, "रांडमुंड बाई हाय ती."

ते म्हणाले, "दोन गाड्यांची बाई हाय. बोर्डात गेलो की तिच्या गावाला सडक करतो, मग दोन न्हाई वीस गाड्या घालू दे. सिद्धू, निवडनूक काय पानसुपारीवर व्हती? जीप पायजे, पेट्रोल पायजे, कर्णा पायजे. कोन देनार? माझ्या घरात यातली एक पै येत न्हाई. आन् तू धरलेले पाच हजार रोख मला देऊबी नको. कमिटीवर हाय मी, बरं दिसत न्हाई. जीप तू कर, पेट्रोल तू घाल, छापखान्याला तूच भागव. समदं तुझ्याच नावानं. माझा हात कोरा ऱ्हायला पायजे."

येथे मला असे नमूद करायचे आहे की, लबाड बोलणाऱ्याचा आवाज मला कळतो. दमट पोत्यासारखा येतो. नानासोंचा आवाज तसा नव्हता. खणखणीत होता. त्यांना यात वावगे काही वाटत नव्हते. मी परवाना उचलून खिशात घातला.

जाताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला व म्हणाले, "रुमालाखालचं बाहेर काढशील तर उद्या हात कोन देईल रं तुला? तूच इचार कर." रागाने बोलले नाहीत. हमालीच्या वेळी ज्या सुरात समजावून सांगत, त्या सुरात बोलले.

आज सकाळी आठ वाजता मी नेहमीप्रमाणे दुकानापुढे हळदीचा सौदा लावला. माल उत्तम होता. मी हातावर रुमाल टाकून उभा राहिलो. भाऊसो समोरून गेले. गुंडा आला, ढिगातले हळकुंड मोडून पाहिले, "माल चांगला हाय आप्पा," म्हणाला व गेला. बाकी कोणी थांबले नाही. मी अर्धा तास रुमाल धरून उभा होतो. मग घडी करून खिशात घातला व इकडे आलो.

या सौद्याचा साक्षीदार कोण असे साहेबांनी विचारले. वखारीतल्या सौद्यात तोंडाने एक "हजार" सोडून भावाचे काही झालेले नाही. जे होते ते सर्व अडते आहेत. ते सांगणार नाहीत. पंधरा दिवसांपूर्वी मला विचारले असते तर मीही सांगितले नसते.

परवाना क्रमांक सतरा मूळ लखोट्यासह ठाण्यात जमा करत आहे. त्यावर एकही गाडी नेलेली नाही. नानासोंना रक्कम अगर जीप अगर पेट्रोल यापैकी काही दिलेले नाही. साळूबाईंना यातले काही माहीत नाही. त्यांचा दोन गाड्यांचा माल माझ्या भानगडीत अडकू नये, एवढी विनंती आहे.

हवालदारांनी वरील सर्व मजकूर मोठ्याने वाचला व मी तो ऐकला. वाचताना "पाचही बोटे धरली" हे वाक्य आले नाही. मी विचारले तेव्हा हवालदार म्हणाले, "आप्पा, ते कशाला? त्यानं तुमीच गुंतताय." ते वाक्य मी त्याच्या जागी पुन्हा घालावयास लावले आहे. आता जबाब मी सांगितला तसा पुरा आहे.

समक्ष सही,
सिद्धू धुळा सरगर