डावीकडे कोणी नाही

— तसं नाही हो, तुम्ही बाकाच्या या टोकाला बसा, मला मैदानाकडे पाठ करूनच बसायचंय. तुम्हाला कुंपणावरून गोल्फचं शेवटचं ग्रीन, ते होलाभोवतीचं गुळगुळीत गवत, दिसतंय ना? झालं तर. तुमचे साहेब खेळून येईपर्यंत तुम्हालाही काम नाही आणि मलाही. निळ्या टोपीतला उंच मुलगा तिथे आला की सांगा मला. मुलगा कसला, लग्न झालेला घोडा आहे — माझा धाकटा भाऊ. आज निवडीचा शेवटचा दिवस. जमलं तर पुढच्या वर्षी व्यावसायिक खेळाडूंत खेळेल, नाही तर खेळ सोडणार, असं त्यानंच जाहीर करून टाकलंय.

मी का बघत नाही? मनाई आहे मला. हसू नका! या क्लबातल्या निम्म्या लोकांना पट मारायला मी शिकवलंय — पट म्हणजे ते शेवटचं हळूच ढकलणं, बॉल होलात घालायचा तेवढंच — दिसायला पोरखेळ, पण भल्याभल्यांचे हात लटपटतात तिथे. ह्याचे तर असे लटपटायचे की लहानपणी एकदा वीतभर अंतरावरनं हुकला, काठी फेकून घरी आला आणि परत जाणार नाही म्हणाला. मग मी त्याला घरातल्या पॅसेजमध्ये उभा केला, समोर पेला आडवा ठेवला आणि शिस्त लावून दिली. आधी बॉलमागे उकिडवं बसून उतार बघायचा. मग उभं राहून, होलकडे बघत बघत काठी दोनदा नुसतीच हलवायची, हाताला अंतर कळू द्यायचं. मग काठी बॉलमागे टेकवायची, श्वास सोडायचा, एकदा होलकडे नजर, एकदा बॉलकडे — आणि मारायचा. थांबायचं नाही. विचाराला जागा दिसली की तो सतरंजी अंथरून बसतो, मग उठता उठत नाही. रोज तेच, त्याच क्रमानं, घरात काहीही होवो. आई गेली त्या आठवड्यातसुद्धा — जाऊ दे.

शिस्त बसली, चांगलीच बसली. फक्त एक गोष्ट मी न शिकवता त्यात शिरली. मारायच्या आधी तो डावीकडे बघायला लागला. पॅसेजमध्ये मी डावीकडे उभी असायची ना — मी मान हलवायची, हं, मार. एवढंच. पुढे स्पर्धांतही मी प्रेक्षकांच्या दोरीमागे डावीकडेच उभी राहायची, मग ऊन असो की पाय सुजलेले असोत. बाहेरगावची चांगली नोकरी चालून आली, ती नको म्हटलं. आणखीही एकदोन गोष्टींना नको म्हटलं — तो माणूस बिचारा बरेच दिवस थांबला होता — पण ते तुम्हाला कशाला सांगतेय मी?

भावजयीनं पकडलं ते. फोनवर त्याच्या खेळाचे व्हिडिओ लावले आणि म्हणाली, "ताई, हे प्रत्येक वेळी तुमच्याकडे बघतात. गुडघ्यामुळे तुम्ही आला नव्हता, तेव्हा सगळे हुकले." मी म्हटलं, मग येत जाईन की! तर शांतपणे म्हणते, "नेहमी?" गुणी आहे हो पोरगी. इतकी गुणी की राग धड काढताही येत नाही. तेव्हापासून दोघं माझ्याशिवाय सराव करतात. श्वास सोडला की होल, बॉल, मार. डावीकडे कोणी नाही. आज मी इथे मागे बसायचं, हेही तिनंच सांगितलं, अगदी हात धरून.

आणि खरं सांगू? सकाळी कोणीतरी येऊन म्हणालं की पहिल्याच ग्रीनवर ह्याचा सोपा हुकला — तर मला आत कुठेतरी बरं वाटलं. माझ्या हातांनी वाढवलेलं पोर, आणि मला बरं वाटलं. कुणाला बोलू नका हे.

आला? निळी टोपी? बॉल किती लांब आहे? चार पावलं — हं, वाईट अंतर. सोपं नाही आणि हुकला तर माफीही नाही. उकिडवा बसलाय? बरोबर. उठला. काठी हलवली? टेकवली? मग मारत का नाही? — काय? मान वळवली?

अहो, मी उठत नाहीये. उठले तर दिसेन मी त्याला, या कुंपणाची उंची ती काय. एकदा मान हलवली की — उठू का? नाही. नाही. तुम्ही सांगत राहा. मागे सरकला? सरकू दे, तसंच करायचं असतं, चित्त हललं की सगळं पहिल्यापासून. परत बसला? उठला... आता बोलू नका. जरा वेळ बोलूच नका.

टाळ्या ना त्या? पडला? आणि ह्या वेळी इकडे — नाही बघितलं? नक्की? एकदाही नाही?

शाबास रे माझ्या राजा.

आता कुणाला शोधतोय? बायकोकडे गेला होय. जाऊ दे, तिकडेच जायला हवं. अहो, रुमाल कसला काढताय, ठेवा तो. जा तुम्ही, गाडीशी जाऊन बसा. मी बसते इथेच. आज मला कुठे उभं राहायचं नाहीये.